फादर स्टीफन्स आणि आपला ‘ळ’

परकी भाषा शिकताना आपण आधी पुस्तक उघडतो. शब्द पाठ होतात, व्याकरणही जमते. पण समोरचा माणूस भराभर बोलू लागला की काही उमगत नाही, कारण कान तयार झालेला नसतो. कान तयार नसला की जीभही वळत नाही. या बाबतीत आम्हां गोवेकरांना एका इंग्रज माणसाचे चरित्र आठवते. ते म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स, पोर्तुगीजांचे पाद्री एस्तेव्हांव.

त्यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. वडील लंडनचे व्यापारी. त्या काळी इंग्लंडमध्ये कॅथलिकांना मोकळेपणाने राहता येत नव्हते. स्टीफन्स रोमला गेले आणि १५७५ मध्ये जेझुइट संघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेले त्यांचे जहाज २४ ऑक्टोबरला गोव्याला लागले. पुढची चाळीस वर्षे, म्हणजे १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, ते इथेच राहिले. त्यांतला बराच काळ साष्टीत गेला.

तो काळ आपल्या लोकांसाठी फार कठीण होता. साष्टीतली देवळे पाडली गेली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले. त्यांचे मृतदेह ताब्यात घेण्याचे काम स्टीफन्स यांच्याकडे आले. पुढे पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावकारांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारले. स्टीफन्स धर्मप्रसारासाठीच आले होते, हे आम्ही लपवत नाही. पण त्यांनी भाषा ज्या निष्ठेने शिकली, तिची नोंद वेगळ्या खात्यावर घ्यावी लागते.

त्यांच्या हाताशी मराठीचे किंवा कोकणीचे छापील व्याकरण नव्हते. बोलणारी माणसे होती आणि स्वतःचे कान होते. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी कळवले की इथल्या भाषांचे उच्चार कानाला वाईट लागत नाहीत आणि त्यांची रचना ग्रीक-लॅटिनच्या जवळची आहे. व्यंजनाला स्वर जोडून अक्षर कसे बदलत जाते, म्हणजे आपली बाराखडी, तेही त्यांनी टिपले. गोव्यात येऊन तेव्हा त्यांना जेमतेम चार वर्षे झाली होती.

१६१६ मध्ये राशोलला त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, भाषा मराठी, मधूनमधून कोकणी शब्द. नागरी खिळे नसल्याने छपाई रोमन लिपीत झाली. खरी परीक्षा इथे होती. इंग्रजाच्या तोंडात ‘ळ’ नाही, पोर्तुगीजाच्याही नाही. पण स्टीफन्सना ‘ल’ आणि ‘ळ’ वेगळे ऐकू येत होते. म्हणून ‘ळ’साठी त्यांनी रोमन ‘एल’ दोनदा लिहिला. आजही आमच्याकडच्या रोमी कोकणीत ट, ड, ण, ळ असे अक्षर जोडूनच लिहितात. जो फरक कानाला कळत नाही, तो कागदावर उतरत नाही. शिवाय ओवी ही ऐकण्याची चीज. ती देवळात नव्हे तर चर्चमध्ये म्हटली गेली, पण चाल आपलीच होती.

कोकणीचे व्याकरण त्यांनी पोर्तुगीज भाषेत लिहिले. ते त्यांच्या पश्चात, १६४० मध्ये, राशोललाच छापले गेले. भारतीय भाषेचे पहिले छापील व्याकरण म्हणून त्याचा उल्लेख होतो.

पुढे १६८४ मध्ये व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. बोली सुटली नाही. क्रिस्तपुराणही हातांनी उतरवलेल्या प्रतींतून टिकले आणि १९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी ते पुन्हा छापले.

आपली मुले आज इंग्रजी, जर्मन, फ्रेंच शिकतात. त्यांना आमचे सांगणे एवढेच, की रोज थोडा वेळ त्या भाषेचे बोलणे नुसते ऐका, कुठले दोन आवाज आपल्याला सारखे वाटतात ते शोधा, आणि मग मोठ्याने म्हणा. आणि घरात मराठी बोलताना त्यांचा ‘ळ’ हळूहळू ‘ल’ होत असेल, तर आई-वडिलांनी आणि आजी-आजोबांनी तो तिथल्या तिथे, प्रेमाने, दुरुस्त करावा. विल्टशायरच्या माणसाला जो ‘ळ’ जमला, तो आपल्या घरातून जाऊ नये.