नोकरी नको, काम द्या! स्टुडिओंच्या जमान्यात स्वतःच्या अटींवर जगलेल्या दुर्गा खोटे

'मुघल-ए-आझम'मधली जोधाबाई आठवते? आणि 'बॉबी'मधली बॉबीची प्रेमळ आजी? या दोन्ही भूमिका एकाच मराठी अभिनेत्रीच्या. दुर्गा खोटे.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा, मुंबईतल्या सुखवस्तू लाड कुटुंबातला. शिक्षण इंग्रजी शाळेत, पुढे सेंट झेवियर्स कॉलेजात. लग्नही तालेवार खोटे घराण्यात झालं. पण सासरची आर्थिक घडी विस्कटली. पदरात दोन लहान मुलं होती आणि कमवायचं कुणी, हा प्रश्न समोर उभा राहिला.

तो काळ असा होता, की चांगल्या घरच्या मुलीने सिनेमात काम करणं म्हणजे घराण्याला बट्टा. तरीही १९३१ मध्ये दुर्गाबाईंनी 'फरेबी जाल' या सिनेमात छोटी भूमिका केली. सिनेमा पडला आणि लोकांची बोलणी मात्र दुर्गाबाईंना खावी लागली.

दुसरं कुणी असतं तर तिथेच थांबलं असतं. पण कोल्हापूरहून प्रभात कंपनीचं बोलावणं आलं. व्ही. शांताराम 'अयोध्येचा राजा' हा बोलपट काढत होते. १९३२ मध्ये आलेल्या या सिनेमात दुर्गाबाई तारामती झाल्या, स्वतःची गाणी स्वतःच गायल्या. नावं ठेवणारेच आता कौतुक करू लागले.

खरी गंमत पुढे आहे. तेव्हा नटनट्या कंपनीच्या पगारी नोकर असत. करारात अडकलं की दुसरीकडे काम करता येत नसे. दुर्गाबाईंनी मात्र स्वतःला एका कंपनीशी बांधून घेतलं नाही. प्रभातसाठी 'अमरज्योती'त त्या समुद्री चाच्यांची राणी झाल्या, तर कलकत्त्याला जाऊन 'सीता' केला. त्यात राम होते पृथ्वीराज कपूर. २६ वर्षांनी हीच जोडी अकबर आणि जोधाबाई म्हणून पडद्यावर आली!

पतीच्या अकाली निधनानंतर मुलांची जबाबदारी एकट्या दुर्गाबाईंवर आली. काम थांबवून चालणार नव्हतं. 'साथी' हा सिनेमा त्यांनी स्वतः काढला. रंगभूमीवर शिरवाडकरांच्या 'राजमुकुट'सारखी नाटकं केली. नायिकेचं वय सरल्यावर आईच्या, आजीच्या भूमिका तितक्याच मनापासून केल्या. 'बिदाई'साठी फिल्मफेअर मिळालं. १९६८ मध्ये पद्मश्री आणि १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कारही.

टीव्हीचा जमाना आला, तेव्हाही त्या मागे राहिल्या नाहीत. १९८८ मध्ये दूरदर्शनवर घराघरांत पोचलेली 'वागले की दुनिया' दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सचीच होती.

२२ सप्टेंबर १९९१ रोजी दुर्गाबाई गेल्या. मूकपट संपत आले होते तेव्हा त्यांनी सुरुवात केली आणि टीव्ही मालिकांपर्यंत मजल मारली. 'मी, दुर्गा खोटे' हे त्यांचं आत्मचरित्र मिळालं तर जरूर वाचा. चांगल्या घरच्या मुलींसाठी सिनेमाचं दार उघडलं, त्याची किंमत कुणी मोजली, ते त्यातून कळतं.