सलीम अली

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली (१२ नोव्हेंबर १८९६ – १९८७) हे भारतीय पक्षीशास्त्रज्ञ आणि निसर्गसंवर्धक होते. भारतीय उपखंडातील पक्ष्यांचे पद्धतशीर सर्वेक्षण करणाऱ्या पहिल्या भारतीयांमध्ये त्यांची गणना होते. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीशी त्यांचा आयुष्यभर संबंध होता. राजस्थानातील भरतपूरची पाणथळ जमीन त्यांच्या प्रयत्नांमुळे वाचली. मात्र तेथील चराईबंदीमुळे संवर्धन आणि ग्रामस्थांचे हक्क यांविषयीचा वादही त्यांच्या नावाशी जोडला गेला.

प्रारंभिक जीवन

सलीम अली यांचा जन्म मुंबईत झाला. भावंडांमध्ये ते सर्वांत धाकटे होते. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्याने मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतील घरी त्यांचा सांभाळ केला. मामा शिकारीचे शौकीन होते. बालवयात छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसल्याने तिची ओळख पटवण्यासाठी ते सोसायटीत गेले. तेथील मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगून त्यांना संग्रहातील पक्षी दाखवले. येथूनच त्यांच्या पक्षी-अभ्यासास आरंभ झाला.

तरुणपणी कौटुंबिक व्यवसायासाठी ते ब्रह्मदेशातील तावोय येथे राहिले. मुंबईला परतल्यावर त्यांनी वाणिज्याबरोबर सेंट झेवियर्स महाविद्यालयात प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतले. १९१८ मध्ये त्यांचा तेहमिना यांच्याशी विवाह झाला.

संशोधन

१९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात ते मार्गदर्शक व्याख्याते म्हणून रुजू झाले. पुढे रजा घेऊन त्यांनी बर्लिन येथे एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे पक्षीशास्त्राचे प्रशिक्षण घेतले. १९३० मध्ये ते परतले तेव्हा त्यांचे पद रद्द झाले होते. त्यानंतर अलिबागजवळच्या किहीम येथे राहून त्यांनी सुगरण पक्ष्याचे निरीक्षण केले. नर अर्धवट घरटे विणतो, मादी ते पाहून पसंत करते, मगच नर ते पूर्ण करतो आणि नंतर दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे बांधू लागतो, हा क्रम त्यांनी नोंदवला. या अभ्यासाने त्यांना नाव मिळवून दिले.

पुढील काळात हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर इत्यादी संस्थानांच्या साहाय्याने त्यांनी पक्ष्यांची सर्वेक्षणे केली. तेहमिना या कामात त्यांच्या सोबत असत. १९३९ मध्ये त्यांचे निधन झाले.

भरतपूर आणि संवर्धनाचा प्रश्न

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना १८८३ मध्ये झाली. तिच्या सुरुवातीच्या सभासदांमध्ये शिकारीची आवड असलेले ब्रिटिश अधिकारी बरेच होते. सलीम अली स्वतःही शिकार करत आणि अभ्यासासाठी पक्ष्यांचे नमुने गोळा करत. संवर्धन भूतदयेवर नव्हे, तर शास्त्रीय माहितीवर आधारलेले असावे, असे त्यांचे मत होते. स्वातंत्र्यानंतर सोसायटीला आर्थिक अडचण आली, तेव्हा पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्याकडे पाठपुरावा करून त्यांनी मदत मिळवली.

भरतपूरची पाणथळ जमीन संस्थानिकांचे बदकांच्या शिकारीचे राखीव क्षेत्र होती. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या उपस्थितीत तेथे एकाच दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. स्वातंत्र्यानंतर हे पाणी काढून टाकून जमीन शेतीसाठी वाटावी, अशी मागणी परिसरातील शेतकऱ्यांनी केली. राजाच्या करमणुकीसाठी राखलेली जमीन आता कसणाऱ्यांना मिळावी, अशी त्यांची अपेक्षा होती. सलीम अली यांनी हा प्रश्न नेहरूंपर्यंत नेला आणि ती जमीन पक्ष्यांसाठी राखली गेली. सोसायटीने तेथे पक्ष्यांच्या पायात कडी घालून स्थलांतराचा दीर्घकाळ अभ्यास केला.

सुमारे २९ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र पुढे केवलादेव राष्ट्रीय उद्यान झाले. गुरांमुळे पाणथळ जागेची हानी होते, असे सलीम अली आणि सोसायटी यांचे मत होते व चराई थांबवावी असा त्यांचा आग्रह होता. १९८२ मध्ये चराईवर बंदी आली. पिढ्यान्‌पिढ्या तेथे म्हशी चारणाऱ्या ग्रामस्थांनी विरोध केला. त्या वेळी झालेल्या पोलीस गोळीबारात काही ग्रामस्थ मृत्युमुखी पडले.

सोसायटीने १९८० च्या दशकात केलेल्या अभ्यासातून मात्र वेगळे चित्र समोर आले. म्हशी पाण्यातील गवत खात असल्याने त्याची वाढ आटोक्यात राहत होती. चराई थांबल्यावर ते माजले, मोकळे पाणी कमी झाले आणि अनेक पाणपक्ष्यांची संख्या घटली. पुढे ग्रामस्थांना हाताने गवत कापून नेण्याची मुभा देण्यात आली. स्थानिकांना विश्वासात न घेता निर्णय घेण्याच्या या पद्धतीवर इतिहासकारांनी टीका केली आहे. संरक्षित क्षेत्रांतील मानवी वापराच्या चर्चेत भरतपूरचे उदाहरण आजही दिले जाते.

केरळमधील सायलेंट व्हॅलीच्या जंगलात प्रस्तावित असलेल्या जलविद्युत प्रकल्पालाही सलीम अली यांनी विरोध केला होता. तो प्रकल्प रद्द होऊन १९८४ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले.

लेखन

१९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स' या सचित्र पुस्तकाने सामान्य वाचकांमध्ये पक्षीनिरीक्षणाची गोडी निर्माण केली. अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ सिडनी डिलन रिप्ली यांच्यासह त्यांनी भारत व पाकिस्तानातील पक्ष्यांवर दहा खंडांचा ग्रंथ लिहिला. 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' हे त्यांचे आत्मचरित्र १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले.

सन्मान आणि वारसा

भारत सरकारने त्यांना १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७६ मध्ये पद्मविभूषण देऊन गौरवले. १९८५ मध्ये त्यांची राज्यसभेवर नियुक्ती झाली. जे. पॉल गेटी वन्यजीव संवर्धन पुरस्काराची रक्कम त्यांनी सोसायटीच्या निसर्गसंवर्धन निधीसाठी दिली. १९८७ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. गोव्यातील चोडण बेटावरील पक्षी अभयारण्य आणि कोइम्बतूर येथील पक्षीशास्त्र व निसर्गविज्ञान केंद्र यांना त्यांचे नाव देण्यात आले आहे.