पोरांच्या उड्या तांब्याच्या पत्र्यावर कोरल्या गेल्या, पण पुस्तकावर नाव लागलं दुसऱ्याचंच

इंटरनेटवर तुम्ही ही चित्रं पाहिली असतील. पिवळट कागद, बारीक काळ्या रेघा. एक मुलगा काठीच्या आधाराने उंच उडी घेतोय, दोघे कुस्तीत गुंतलेत, कुणी खांबावर चढतोय. खाली कॅप्शन एवढंच, ‘शाळेतले जुने खेळ’. जुन्या पुस्तकांतली चित्रपानं सुटी करून विकायची पद्धत असल्याने चित्र फिरत राहतं आणि ज्याच्यामुळे ते काढलं गेलं तो माणूस मागे राहतो.

अशा अनेक चित्रांच्या मुळाशी जो माणूस आहे त्याचं नाव योहान क्रिस्टोफ फ्रीडरिश गुट्समुथ्स.

जन्म १७५९ चा, जर्मनीतल्या क्वेडलिनबुर्ग गावचा. हाले इथं शिक्षण झाल्यावर गावातल्या रिटर नावाच्या डॉक्टरांच्या घरी तो मुलांना शिकवायला लागला. डॉक्टर अचानक वारले. घरात पोरं लहान, पैशाची चणचण. त्याच सुमारास क्रिस्टियान गोटहिल्फ झाल्त्समान नावाच्या शिक्षकाने थुरिंगियातल्या श्नेफेन्थाल इथं १७८४ मध्ये नवी शाळा काढली होती. रिटरांचा धाकटा कार्ल तिथला पहिला विद्यार्थी झाला. पुढे हाच कार्ल रिटर आधुनिक भूगोलाचा एक जनक म्हणून ओळखला गेला. मुलांसोबत गुट्समुथ्सही श्नेफेन्थालला आला आणि पन्नासेक वर्षं तिथलाच होऊन राहिला.

शाळेजवळच्या झाडीतल्या मोकळ्या जागेत तो पोरांना धावायला, उड्या मारायला, चढायला, तोल सांभाळायला शिकवायचा. त्या काळी शाळा म्हणजे बाक, लॅटिन आणि पाठांतर. दमून घामाघूम होणं हाही शिक्षणाचाच भाग आहे, हे पालकांच्या गळी उतरवणं सोपं नव्हतं.

म्हणून १७९३ मध्ये त्याने तरुणांच्या व्यायामावर जाडजूड पुस्तक लिहिलं. आता उडी कशी मारायची हे नुसत्या शब्दांत सांगणार कसं? तिथं चित्रं कामी आली. तेव्हा पुस्तकातलं चित्र म्हणजे तांब्याचा पत्रा. त्यावर हत्याराने थेट रेघा कोरायच्या, किंवा मेणाचा थर देऊन सुईने चित्र काढायचं आणि उघड्या रेघा आम्लाला खाऊ द्यायच्या. रेघांत शाई भरून दाबयंत्राखाली ओला कागद दाबला की चित्र उमटायचं. खर्चिक काम, पण परगावच्या मास्तराला श्नेफेन्थालचं मैदान दिसलं ते यामुळेच.

पुस्तक गाजलं आणि इथंच घोळ झाला.

१८०० मध्ये लंडनच्या जोसेफ जॉन्सन या प्रकाशकाने त्याचा इंग्रजी अवतार काढला, तोही चित्रांसकट. लेखक म्हणून नाव छापलं झाल्त्समानचं! झाल्त्समान इंग्रजी वाचकांच्या ओळखीचा होता, कारण त्याचं मुलांसाठीचं पुस्तक मेरी वोल्स्टनक्राफ्टने भाषांतरित केलं होतं आणि तेही जॉन्सननेच छापलं होतं. या व्यायामाच्या पुस्तकातली चित्रं कवी आणि चित्रकार विल्यम ब्लेकने कोरली असावीत, असं काही अभ्यासक मानतात. म्हणजे चर्चा ब्लेकची, नाव झाल्त्समानचं आणि ज्याने मैदानात पोरं घडवली तो कुठेच नाही. १८०२ मध्ये हेच पुस्तक अमेरिकेत, फिलाडेल्फियाला छापलं गेलं.

गडी मात्र लिहीत राहिला. १७९८ मध्ये पोहण्यावर पुस्तक आलं. त्याआधी १७९६ मध्ये खेळांवरचं आलं होतं. त्यात शंभरावर खेळ आहेत आणि त्यातला एक आहे चक्क इंग्लिश बेसबॉल. या खेळाचे आज माहीत असलेले सगळ्यात जुने छापील नियम ते हेच.

त्याचं काम वाचून डेन्मार्कच्या फ्रान्झ नाख्तेगालने १७९९ मध्ये कोपनहेगनला व्यायामशाळा काढली. १८१४ मध्ये त्या देशाने शाळांत व्यायाम सक्तीचा केला. जर्मनीत मात्र लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते फ्रीडरिश लुडविग यानचं. हा यानही आधी श्नेफेन्थाल बघून गेला होता.

गुट्समुथ्स १८३९ मध्ये वारला. गंमत बघा, अमेरिकेत बेसबॉलच्या जन्माची जी दंतकथा पुढे कित्येक वर्षं सांगितली गेली, तिच्यातही साल १८३९ चंच आहे. नियम छापून तेव्हा ४३ वर्षं झाली होती.