जेम्स औट्राम व शस्त्राचा शिष्टाचार

तलवार केव्हां उपसावी यापेक्षां केव्हां उपसूं नये, याविषयींचे दंडक शूर लोकांत अधिक कडक असतात. जपानी सामुराई कोणाकडे भेटीस गेला म्हणजे आपली लांब तलवार बसतांना उजव्या बाजूस ठेवी. तेथून ती चटकन उपसतां येत नसे, व यजमान निर्धास्त होई. युरोपांतील पट्टेबाज तलवारीनें वंदन करून मगच खेळास लागतात. हा शिष्टाचार आपल्या खानदेशांत आचरून दाखविणारा पुरुष म्हणजे जेम्स औट्राम.

त्याचा जन्म 1803 सालीं इंग्लंडांत डर्बीशायर परगण्यांत झाला. 1819 सालीं, सोळाव्या वर्षीं, तो मुंबईच्या फौजेंत आला. अंगानें लहानखोर, परंतु शिकारींत कोणास हार न जाणारा!

1818 सालीं खानदेश इंग्रजांकडे गेला. भिल्लांचा वंशपरंपरेचा राखणदारीचा हक्क त्यापूर्वींच डळमळला होता. पोटासाठीं ते लुटीस प्रवृत्त झाले. फौजा धाडूनहि ते नमेनात. तेव्हां 1825 सालीं भिल्लांचीच पलटण उभारण्याचें काम एल्फिन्स्टन साहेबांच्या सरकारनें बावीस वर्षांच्या औट्रामवर सोंपविलें. त्यानेंहि आरंभ छाप्यानेंच केला, हें लपविण्याचें कारण नाहीं. परंतु पुढें नायकांशीं संधान बांधून तो एकटाच त्यांच्याबरोबर रानांत गेला व पहारा न ठेवतां त्यांच्यांत राहूं लागला. मद्याचाहि त्याला उपयोग झाला. शाळेच्या अंकांत हें लिहिणें अवघड, पण खरें आहे. आरंभीं हातीं आलेले शिपाई मूठभरच होते. त्यांना घेऊन तो मालेगांवच्या छावणींत गेला, तेव्हां तेथील उच्चवर्णीय शिपायांनीं, एरव्हीं तुच्छ मानलेल्या या भिल्लांना, आपल्याजवळ बसवून घेतलें व खाऊं घातलें. त्या मानानें भिल्ल इतके हर्षले कीं, त्या शिपायांच्या बरोबरीस येईपर्यंत आम्हांस कवायतींतून विश्रांति देऊं नका, असा त्यांनीं आग्रह धरला. मला तर या चरित्रांतील सर्वांत मोठा विजय हाच वाटतो. पलटणीचें ठाणें धरणगांवीं झालें, व औट्राम 1835 पर्यंत खानदेशांत राहिला.

पुढें सिंधप्रांत घेणें अन्यायाचें आहे असें त्यानें स्पष्ट सांगितलें, व तेथील लुटीचा आपला वांटा स्वतःसाठीं न ठेवतां धर्मकार्यास दिला. 1857 सालीं लखनौच्या वाटेवर, स्वतः वरिष्ठ असूनहि, त्यानें सेनापतीचा मान हॅवलॉकला दिला व आपण स्वयंसेवक स्वारांत सामील झाला. मंगलवारच्या लढाईंत त्याच्या हातीं तलवार नव्हती. वेताची काठी होती. समोर होते तेहि याच देशाचे शूर शिपाई, हें विसरतां येत नाहीं. त्याच सुमारास सातपुड्यांत खाज्या नायकाबरोबर भिल्ल सरकारविरुद्ध उठले, व त्यांच्यावर औट्रामनें उभारलेली भिल्ल पलटणहि धाडण्यांत आली.

औट्राम 1863 सालीं फ्रान्समध्यें पो या गांवीं वारला. त्याला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेंत पुरलें आहे.