तेलातील उष्णता शेतीच्या कामाला लावणारे शंतनुराव

पिंपरी-चिंचवडकडून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने शहरात शिरताना हॅरिस पूल ओलांडला की बोपोडीपाठोपाठ खडकी लागते. पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना येण्याच्या काही वर्षे आधी, १९४६ मध्ये, याच खडकीसाठी किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपनीची स्थापना झाली. पुढे या पट्ट्याला यंत्रोद्योगाचे जे वळण लागले, त्याच्या आरंभीच्या टप्प्यांत या कारखान्याची गणना करावी लागते. तो उभारणारे शंतनुराव लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे आयुष्य एका रासायनिक अभिक्रियेभोवती फिरत राहिले. इंधनाच्या ज्वलनातून उष्णता बाहेर पडते, हे शाळेत शिकवले जाते. त्या उष्णतेतून काम करून घेणे हा मात्र वेगळाच खटाटोप आहे.

शंतनुरावांचा जन्म २८ मे १९०३ रोजी सोलापूर येथे झाला. वडील लक्ष्मणराव यांनी औंध संस्थानच्या राजांनी दिलेल्या माळरानावर १९१० पासून किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगराचा हा कारखाना म्हणजे शंतनुरावांची पहिली शाळाच होती. १९२२ मध्ये ते चुलतभाऊ माधव याच्यासह अमेरिकेस गेले आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत दाखल झाले. माधवला क्षयाने गाठले व त्यातच त्याचा अंत झाला. १९२६ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन शंतनुराव एकटेच परतले. त्या संस्थेच्या आरंभीच्या भारतीय पदवीधरांत त्यांचे नाव घेतले जाते.

परतल्यावर ते किर्लोस्करवाडीतच रमले. नांगर, पंप, यंत्रसामग्री असा व्याप वाढत गेला. १९४१ मध्ये हरिहर येथे लेथ बनविणारी कंपनी स्थापन झाली. शेतकऱ्याचा खरा अडसर मात्र पाण्याचा होता. गावोगावी वीज नव्हती. विहिरीवर बैलांची मोट चाले. पंप तयार असला तरी तो फिरवायचा कशाने, या प्रश्नाचे उत्तर तेलाच्या इंजिनात होते.

रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये जर्मनीत यशस्वी करून दाखविलेल्या या इंजिनात ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधील हवा मूळ आकारमानाच्या सोळाव्या-सतराव्या हिश्शापर्यंत दाबली जाते. तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. त्या तप्त हवेत तेलाचा फवारा सोडताच ते आपोआप पेट घेते. तेलाच्या व ऑक्सिजनच्या रेणूंतील जुने बंध तोडण्यास ऊर्जा खर्च होते. कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ यांतील नवे बंध जुळताना त्याहून कितीतरी अधिक ऊर्जा मोकळी होते. या फरकामुळेच ही अभिक्रिया उष्मादायी ठरते. आरंभीचा खर्च दाबलेल्या हवेच्या उष्णतेतून भागतो. पुढे ज्वलन स्वतःच्या बळावर चालते आणि प्रसरण पावणारे वायू दट्ट्या ढकलतात.

आता हिशेब पाहावा. एक किलो डिझेल जळताना सुमारे ४५ हजार किलोज्यूल उष्णता निघते. लहान इंजिनाने त्यातील पाव भाग जरी कामात आणला आणि पंपात त्यातलाही निम्मा वाया गेला, तरी साडेपाच हजारांहून अधिक किलोज्यूल हाती उरतात. दहा मीटर खोल विहिरीतून एक लिटर पाणी उचलण्यास सुमारे ९८ ज्यूल लागतात. म्हणजे एका किलो तेलात ५७ हजार लिटर पाणी वर येते! उरलेली उष्णता धुरातून व थंड करणाऱ्या पाण्यातून निघून जाते. ती गळती जितकी कमी, तितका शेतकऱ्याचा तेलाचा खर्च कमी. इंजिन बनविणाऱ्याची कसोटी लागते ती येथेच.

ब्रिटिश कंपन्यांच्या सहकार्याने खडकीचे काम सुरू झाले. त्याच सुमारास किर्लोस्करवाडीवर संकट कोसळले. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत तेथील कारखान्याला आग लावण्यात आली. सिलिंडरमध्ये मोजून-मापून घडवावयाचे ज्वलन येथे मोकाट सुटले होते. किर्लोस्करांनी मात्र उद्योग गुंडाळला नाही. वाडी पुन्हा उभी राहिली आणि खडकीची इंजिने देशभरातील मळ्यांत पोहोचली.

१९६२ मध्ये अमेरिकेतील कमिन्स कंपनीच्या सहकार्याने पुण्यात कोथरूड येथे मोठ्या इंजिनांचा कारखाना निघाला. १९६५ मध्ये शंतनुरावांना पद्मभूषण मिळाले. सरकारी नियंत्रणे व परवान्यांची पद्धत यांवर मात्र ते जाहीरपणे टीका करीत राहिले. सत्तेशी जमवून घेण्याचा सोपा मार्ग त्या काळात अनेकांनी पत्करला असताना हे बोलणे धाडसाचेच म्हटले पाहिजे. २४ एप्रिल १९९४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीतच बहुतेक विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या होत्या. तरीही २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत अनेक शेतकऱ्यांनी गोठ्यात पडलेली तेलाची इंजिने पुन्हा बाहेर काढली. शिवाय विजेची मोटार चालते तीही बव्हंशी कोराडी-चंद्रपूरसारख्या केंद्रांत जळणाऱ्या कोळशावरच.