अर्धी स्लेज, एक दोर आणि एकटा मॉसन

समजा, तुम्ही ट्रेकला निघालात. सामान एकदम डोकं लावून वाटलंय. कुणाकडे तंबू, कुणाकडे शिधा, कुणाकडे दोर. सगळ्यात महत्त्वाच्या वस्तू सगळ्यात सेफ जागी ठेवल्यात. आणि नेमकी तीच सॅक दरीत गेली. आता काय कराल?

डग्लस मॉसनवर ही वेळ आली १४ डिसेंबर १९१२ रोजी. ठिकाण अंटार्क्टिका. सगळ्यात जवळचं घर, म्हणजे त्याच्या मोहिमेची लाकडी झोपडी, तिथून जवळपास ५०० किलोमीटर दूर. फोन नाही, हेलिकॉप्टर नाही, तो नक्की कुठे आहे हे कुणाला माहीतही नाही.

नाही म्हणणारा पोरगा

आधी हा मॉसन कोण ते बघू. जन्म १८८२ चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशरचा. दोन वर्षांचा असताना आई-वडील ऑस्ट्रेलियाला गेले आणि तो पक्का ऑस्ट्रेलियन झाला. सिडनीत इंजिनीअरिंग शिकला, मग भूगर्भशास्त्राकडे वळला आणि १९०५ मध्ये अ‍ॅडलेडच्या विद्यापीठात शिकवायला लागला. शॅकल्टनच्या मोहिमेत तो अंटार्क्टिकाला गेला आणि जानेवारी १९०९ मध्ये आणखी दोघांसोबत दक्षिण चुंबकीय ध्रुवाच्या परिसरात पोहोचला. पुढे खुद्द कॅप्टन स्कॉटने त्याला आपल्या मोहिमेत बोलावलं. त्याने नाही सांगितलं. ध्रुवावर आधी कोण पोहोचतं या शर्यतीत त्याला रस नव्हता. ज्या किनाऱ्याचा नकाशाच नव्हता तो त्याला बघायचा होता, तिथले दगड आणि हवामान अभ्यासायचं होतं. म्हणून १९११ मध्ये त्याने स्वतःची मोहीम काढली.

नोव्हेंबर १९१२ मध्ये केप डेनिसनच्या तळावरून तिघं पूर्वेकडे निघाले. मॉसन, इंग्लिश लेफ्टनंट बेलग्रेव्ह निनिस आणि स्वित्झर्लंडचा स्कीइंग चॅम्पियन झेव्हिएर मर्ट्झ. सोबत कुत्र्यांच्या स्लेज, म्हणजे बर्फावरच्या घसरगाड्या.

प्लॅन बरोबर होता, तरी…

आता प्लॅन बघा हं. या भागात बर्फाखाली खोल भेगा असतात आणि वरून पातळ बर्फाचं झाकण. पुढची स्लेज भेगेत पडायची शक्यता जास्त, असं लॉजिक. म्हणून तंबू, बहुतेक सगळं अन्न आणि सगळ्यात दमदार सहा कुत्री मागच्या स्लेजवर. ती निनिसकडे.

त्या दिवशी मर्ट्झ स्कीवरून एका झाकणावरून पुढे गेला. मॉसन स्लेजवर बसून पार झाला. दोघांचंही वजन पसरलेलं होतं. निनिस मात्र पायी चालत होता. मॉसनने मागे वळून पाहिलं तर पांढऱ्या बर्फाशिवाय काहीच नाही. निनिस, स्लेज, सहा कुत्री, सगळं गायब. भेगेत साधारण १५० फूट खाली एका कपारीवर जखमी कुत्रं दिसत होतं. जवळचे सगळे दोर जोडले तरी तिथपर्यंत पोहोचले नसते. तीन तासांहून जास्त वेळ दोघं हाका मारत राहिले. उत्तर आलं नाही.

उरलं काय? दोघांना जेमतेम दहा दिवस पुरेल इतकं अन्न. कुत्र्यांसाठी शून्य. स्टोव्ह, रॉकेल आणि झोपायच्या पिशव्या वाचल्या होत्या. तंबूचं एक जादा कापड होतं, पण खांब नव्हते. मग त्यांनी मर्ट्झच्या स्की आणि मोजणीच्या यंत्राचे पाय वापरून सांगाडा उभा केला. पुढे एकेक कुत्रं मारून खावं लागलं. वाचताना कसंतरी होतं, पण दुसरा पर्याय नव्हता.

मांस चिवट होतं, यकृत मऊ. त्यामुळे तेही खाल्लं. कुत्र्याच्या यकृतात व्हिटॅमिन ए प्रचंड असतं आणि ते अति झालं तर विष ठरतं. पण हे त्यांना कळणार कसं? ‘व्हिटॅमिन’ हा शब्दच त्याच वर्षी जन्माला आला होता. दोघांची कातडी सोलून निघू लागली, केस गळू लागले. यकृताची ही थिअरी १९६९ मध्ये मांडली गेली, तिच्यावर अजूनही वाद आहे. कारण काहीही असो, ८ जानेवारी १९१३ च्या पहाटे मर्ट्झ गेला. तळ अजून सुमारे १६० किलोमीटर लांब होता.

आता एकटाच

इथे बरेच जण खचले असते. मॉसनही खचला होता. आपण पोहोचू असं त्याला खरंच वाटत नव्हतं. निदान नोंदवह्या कुणाला सापडतील अशा जागी तरी पोहोचाव्यात, एवढाच विचार होता. मग त्याने काम शोधलं. खिशातल्या चाकूसारख्या छोट्या हत्याराने स्लेज मधोमध कापली. पुढचा अर्धा भाग ओढायला ठेवला. उरलेल्या तुकड्यांचा क्रूस करून मर्ट्झच्या थडग्यावर उभा केला. मर्ट्झच्या जॅकेटला एक पिशवी जोडून शीड शिवलं, म्हणजे वारा मागून आला की थोडी मदत होईल.

११ जानेवारीला तो निघाला. थोड्याच वेळात पाय विचित्र वाटू लागले. मोजे काढले तर तळपायाची कातडी अख्खीच्या अख्खी सुटून आलेली. त्याने मलम लावलं, सुटलेली कातडी परत जागेवर ठेवून बांधली, वर सहा जोड मोजे चढवले आणि चालू लागला. त्याच दिवशी ऊन पडलं तेव्हा अंगावरचे बरेचसे कपडे काढून तो उन्हात शेकत बसला. बरं वाटलं म्हणे!

सहा दिवसांनी, १७ जानेवारीला, पायाखालचं झाकण तुटलं. चौदा फूट दोराच्या टोकाला तो भेगेत लटकला. वर स्लेज बर्फात अडकली म्हणून वाचला. त्या क्षणी मनात काय आलं असेल? उपाशी राहून वाचवलेलं अन्न खायचं राहूनच गेलं, ही हळहळ! दोराला गाठी मारलेल्या होत्या. एकेक गाठ धरत तो कडेपर्यंत आला, तर कडाच ढासळली आणि तो पुन्हा तळाशी. हार्नेसमधून निसटायला क्षणभर पुरलं असतं, हा विचारही त्याच्या मनात आला. तरी तो दुसऱ्यांदा चढला. वर आल्यावर तास-दीड तास तसाच पडून होता.

पण मला सगळ्यात भारी वाटतं ते यानंतरचं. त्याने दोराची शिडी बनवली. एक टोक स्लेजला, दुसरं स्वतःजवळ. पुढे तो पुन्हा भेगांमध्ये पडला आणि त्याच शिडीने वर आला. तिसऱ्यांदा तेवढी ताकद लावता येणार नाही, हे त्याने मान्य केलं होतं. म्हणून ताकदीची गरजच कमी केली.

सहा तास आणि एक जहाज

२९ जानेवारीला त्याला बर्फाच्या ढिगाऱ्यावर काळं कापड दिसलं. खाली अन्नाची पिशवी आणि चिठ्ठी. शोधायला आलेले तिघं त्याच दिवशी सकाळी आठला तिथून निघाले होते. मॉसन पोहोचला दुपारी दोनच्या सुमाराला.

पुढे गुळगुळीत बर्फ लागला आणि बुटाचे काटे तर आधीच वजन म्हणून फेकलेले. मग यंत्राच्या लाकडी पेटीच्या फळ्यांमध्ये खिळे-स्क्रू ठोकून नवे काटे केले. १ फेब्रुवारीला तो तळापासून नऊ किलोमीटरवरच्या बर्फातल्या गुहेत पोहोचला. तिथे संत्री आणि अननस ठेवलेले! पण बाहेर असं वादळ सुटलं की तो आठवडाभर तिथेच अडकला. ८ फेब्रुवारीला उतरला तेव्हा त्याचं जहाज क्षितिजावर ठिपका झालं होतं. काही तासांपूर्वीच ते निघालं होतं.

सहा माणसं मात्र त्याच्यासाठी मागे थांबली होती. वायरलेसवरून जहाजाला बोलावलं, पण वाऱ्यामुळे ते किनाऱ्याला लागू शकलं नाही. म्हणजे अजून एक अख्खा हिवाळा तिथेच. तो फेब्रुवारी १९१४ मध्ये अ‍ॅडलेडला परतला, महिन्याभरात त्याचं पाकिताशी लग्न झालं. ‘सर’ ही पदवी मिळाली, १९२९ ते ३१ मध्ये तो पुन्हा अंटार्क्टिकाला गेला आणि १९५२ पर्यंत भूगर्भशास्त्र शिकवत राहिला. १९५८ मध्ये तो गेला. पुढे ऑस्ट्रेलियाच्या शंभर डॉलरच्या नोटेवर त्याचा चेहरा झळकला.

निनिस आणि मर्ट्झ मात्र तिथेच राहिले. मोहिमेने शोधलेल्या दोन हिमनद्यांना त्यांची नावं आहेत. पुढच्या वेळी तुमचा परफेक्ट प्लॅन फसला, तर कुणाचं चुकलं हे नंतर बघा. आधी खिसे आणि सॅक रिकामी करा आणि काय उरलंय ते मोजा. मॉसनने त्या भेगेच्या काठावर हेच केलं होतं.