शाळेत नापास झाले, पण गरिबांच्या पोरांसाठी बिनफीचं हायस्कूल काढलं : कर्मवीर भाऊराव पाटील

दहावीचा निकाल लागला की गावागावांत एखाद्या घरात चूल थंड असते. पोरगं नापास झालेलं असतं. आता याला कामाला लावा, असा सल्ला द्यायला चार माणसं लगेच येतात. अशा घरांनी कर्मवीर भाऊराव पाटील म्हणजे आपल्या अण्णांचं आयुष्य जरूर वाचावं. कारण अण्णा स्वतः मॅट्रिकपर्यंतही पोचले नव्हते.

त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचा. मूळ गाव वाळवा तालुक्यातलं ऐतवडे बुद्रुक. वडील महसूल खात्यात कारकून. शिक्षणासाठी भाऊरावांना कोल्हापूरला राजाराम हायस्कूलमध्ये घातलं आणि राहायची सोय जैन बोर्डिंगात केली. पण अभ्यासापेक्षा कुस्ती आणि पोहण्यात जीव जास्त. त्यात अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमाला ते गेले आणि परत आल्यावर शुद्धीची आंघोळ करायला साफ नकार दिला. बोर्डिंग सुटलं. मग शाहू महाराजांनी आसरा दिला.

इंग्रजी सहावीत ते नापास झाले. वरच्या वर्गात घ्यावं म्हणून महाराजांचा शब्द गेला, तरी मास्तर बधले नाहीत, अशी गोष्ट आजही सांगतात. एकवेळ भाऊरावांचा बाक वर ढकलू, पण भाऊरावांना नाही, असं म्हणे त्या मास्तरांचं मत होतं! शाळा तिथंच संपली.

पुढं साताऱ्यात त्यांनी शिकवण्या घेतल्या, लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. नंतर ओगल्यांच्या काच कारखान्याचा माल विकला, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव फिरले. या फिरतीत त्यांना एक गोष्ट दिसली. हायस्कूल शहरात, पोरं खेड्यात. फी कुठनं भरायची आणि राहायचं कुठं, इथंच हुशार पोरंही अडकत होती.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये संस्था साताऱ्याला आली. तिथल्या बोर्डिंगात सगळ्या जातीची पोरं एकाच पंगतीला जेवायची. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या बोर्डिंगाला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. पोरांना जेवू घालायला पैसा कमी पडला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. माहेरी सोवळ्यात वाढलेली ही माउली परजातीच्या पोरांची आई झाली. १९३० मध्ये त्या गेल्या. पोरं पोरकी झाली, पण बोर्डिंग बंद पडलं नाही.

१९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झालं. इथं फी नव्हती, होते ते कष्ट. पोरांनी शेतात राबायचं, खडी फोडायची, बांधकामावर हात लावायचा आणि वर्गात बसून शिकायचं. यालाच कमवा आणि शिका म्हणतात. फुकटचं खाल्लं ही लाज पोराच्या मनात राहू नये, हा त्यामागचा विचार. घामाचं शिक्षण घेणारा मान खाली घालत नाही.

वाट सोपी नव्हती. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावानं १०१ हायस्कुलं काढायचा निश्चय अण्णांनी केला. त्याच सुमारास सरकारनं संस्थेचं अनुदान बंद केलं. पण लोकांनी संस्था पडू दिली नाही. पुढं अनुदान परत सुरू झालं. वडाच्या झाडाचं बोधचिन्ह असलेल्या या संस्थेच्या पारंब्या गावोगाव रुजल्या.

१९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. त्याच वर्षी पुणे विद्यापीठानं त्यांना सन्मानाची डी.लिट. दिली. ज्यांना शाळेनं वरच्या वर्गात घेतलं नव्हतं, त्यांचा विद्यापीठानं सन्मान केला. ९ मे १९५९ रोजी अण्णांनी देह ठेवला. त्यांची समाधी साताऱ्यात आहे.

आज दहावीला नापास झालेल्याला पुरवणी परीक्षा आहे. शाळा मध्येच सुटलेल्याला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. वाट आहे, पण ती पोराला दाखवायला घरातलं आणि गावातलं कुणीतरी पुढं यायला हवं. तुमच्या गल्लीत असं पोरगं असेल, तर त्याला कामाला लावण्याआधी त्याच्या शाळेत जाऊन एकदा चौकशी कराच.